क्लिफ रिडलीच्या मापाचा टोप

उत्तर इंग्लंडातल्या हॅल्टविसल गावात क्लिफ रिडलीला दोन गोष्टींसाठी ओळखत. एक म्हणजे त्याने आयुष्यभर शाळेची बस चालवली आणि पोरांवर कधी आवाज चढवला नाही. दुसरी म्हणजे हाच गरीब माणूस सुट्टीच्या दिवशी रोमन फलटणीचं सोंग घेणाऱ्या हौशी पथकाचा जमादार होऊन रोमनांनी बांधलेल्या जुन्या भिंतीजवळच्या माळावर असा काही खेकसायचा, की पलीकडच्या मेंढ्या चरायच्या थांबत. बसमध्ये साठलेलं सगळं तो तिथे ओकतो, असं त्याची बायको मॉरीन म्हणायची.

गेल्या पानगळीत त्याच्या डोक्यात गाठ निघाली. गाठ साधी होती, काढली, जीव वाचला. पण डाव्या कानाच्या वर हाड भरून येताना एक खोलगट जागा राहिली. केस वाढले तशी ती दिसेनाशी झाली. बोट फिरवलं की मात्र लागायची. गाडी चालवायचा परवाना गेला. डोक्याला मार लागता कामा नये, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आणि मॉरीनकडे बघून पुन्हा एकदा बजावलं. अशा बाबतीत नवरे किती ऐकतात हे त्यांना ठाऊक असावं.

पथकातल्या मंडळींना क्लिफने सांगितलं की पाठ धरली आहे. अख्खा हिवाळा त्याची पाठ धरलेलीच होती.

खोटं बोलायला कारण होतं. पथकात दोनच जाती: टोपवाले आणि चूलवाले. ज्याच्या डोक्यावर लोखंडी टोप तो रांगेत. बाकीच्यांनी अंगरखे घालून निखाऱ्यावर भाकऱ्या भाजायच्या आणि बघायला आलेल्यांना मसुराचं कालवण चाखायला द्यायचं. कोण कुठल्या जातीत, हे वसंतातल्या पहिल्या कवायतीला ठरे. नवा टोप आणणाऱ्याने तो घालून ताठ उभं राहायचं आणि जमादाराने वरून काठीचा एक सणसणीत फटका हाणायचा. टोप जरा जरी फिरला किंवा कुणी फटका टाळला, तर तो माणूस त्या उन्हाळ्यापुरता चुलीवर. ही रीत क्लिफनेच पाडली होती. एकदा ढालींच्या रेटारेटीत कुणाचा तरी सैल टोप फिरला आणि गालपट्टीने शेजारच्याचा दात पडला, तेव्हापासून. फटका मारताना क्लिफने कधी नातंगोतं पाहिलं नाही. सख्ख्या मेहुण्याला त्याने अख्खा उन्हाळा भाकऱ्या थापायला लावल्या होत्या, आणि मेहुणा अजून नाताळला तोंड फिरवून बसतो.

आता क्लिफचा जुना टोप नेमका त्या खोलगट जागेवर टेकायचा. घातला की डोळ्यांत पाणी यायचं. म्हणजे नवा आणणं आलं, आणि नवा आणला की काठीही आली.

मापाचा टोप करून देणारे लोक आहेत, नाही असं नाही. पण ते मागतात तेवढ्यात घराचं छप्पर शाकारून होतं. स्वस्तातले टोप मिळतात ते सगळे एकाच मापाचे आणि गोल गरगरीत, जणू माणसाच्या मानेवर कोबीचा गड्डाच असतो. तसला एक त्याने मागवला. आत भांडी घासायचे स्पंज कोंबले आणि आरशासमोर उभं राहून मान हलवली.

दारातून मॉरीन म्हणाली, "तू 'हो' म्हणतोस, आणि टोप जरा विचार करून मग 'हो' म्हणतो."

"तुझं काय जातंय दात काढायला?"

"माझं काय जायचंय? स्पंज माझेच आहेत."

तो परत पाठवला. दुसरा जरा बऱ्या कारागिराचा होता, डोक्याचा घेर कळवला की तसा मिळणारा. क्लिफने फीत घेतली आणि आरशासमोर डोक्याभोवती गुंडाळली. फीत त्या खळग्यावरून गेली तशी त्याची नजर तिथेच खिळली. किती खोल आहे, मागून दिसत असेल का, वाऱ्याने केस उडाले तर? याच विचारात त्याने आकडा कळवून टाकला. टोप आला तो डोक्यावर नुसता टेकला, उकडलेल्या अंड्यावर झाकण ठेवावं तसा. क्लिफच्या लगेच लक्षात आलं. माप घ्यायचं ते आतली जाड लोकरी टोपी घालून, उघड्या डोक्याचं कधीच नाही. प्रत्येक नवशिक्याला त्याने हेच पढवलं होतं, आणि चुकणाऱ्याची यथेच्छ टर उडवली होती. तो पलंगाच्या कडेवर बसून राहिला. गाठीबरोबर आणखी काय काय कापून नेलं असेल, अशी त्याला धास्ती वाटली.

"हे कुणाला बोलू नकोस," तो म्हणाला.

मॉरीनने या वेळी थट्टा केली नाही. त्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

शेवटी टोप मिळाला तो हेक्सॅमच्या बाजारात. यॉर्कशायरमधलं कुठलंसं पथक मोडलं होतं, त्यांचं सामान एका टेबलावर मांडलं होतं. त्यात एक भलामोठा टोप होता, पोचे आलेला, पण पत्रा जाड आणि घडण चोख.

"आमच्या बॅरीचा," टेबलामागची बाई म्हणाली. "डोकं नव्हतं त्याचं, बादली होती. कुणालाच बसत नाही, म्हणून पडून आहे. न्या स्वस्तात."

लहान टोप मोठा करता येत नाही, पण मोठ्याला आतून अस्तर टांगता येतं. आत कातड्याचा पट्टा फिरवायचा, त्याला नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीच्या, गाद्या शिवायच्या, म्हणजे सगळा भार पट्ट्यावर राहतो. क्लिफला हे ठाऊक होतं. सुई मात्र धरता येत नव्हती. ज्या मॉरीनने या छंदाला जन्मभर 'तव्यांचा संसार' म्हटलं, तीच चष्मा लावून बसली. तिने त्याला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं आणि बोटांनी डोकं चाचपू लागली. दवाखान्यातून आल्यापासून त्याने तिथे तिला हात लावू दिला नव्हता.

"दुखतं?"

"नाही."

"खरं सांग."

"दुखत नाही गं. भीती वाटते."

मॉरीनचा हात थांबला. "मग गॉर्डनला सांग ना. तुझा तो जिवलग. यंदा काठी त्याच्याच हाती आहे. मारू नको म्हणावं."

"सांगितलं की चूल."

"चुलीत काय वाईट आहे? एवढी वर्षं मी तिथेच उभी आहे."

"तुला भाकरी येते. मला नुसतं ओरडता येतं." त्याने कानावरचे केस सारखे केले. "बस गेली, मॉरीन. गाडी गेली. दुकानात गेलो तर लोक हळू आवाजात बोलतात माझ्याशी. माळावर एक दुपार तरी मला आजारी माणूस म्हणून कुणी बघू नये. एवढंच हवंय मला."

खळग्याच्या जागी तिने गादीत तेवढीच पोकळी ठेवली आणि भोवतीने दुहेरी टाका घातला. टोप घालून क्लिफने मान झटकली, वाकला, घोड्यासारखं डोकं हलवलं. टोप जागचा हलला नाही. त्याने मॉरीनचा गालगुच्चा घेतला, आणि तिने त्याला हाकललं.

कवायतीच्या दिवशी माळावर वारं भणाणत होतं. हिवाळाभर क्लिफ नव्हता म्हणून यंदा जमादारी गॉर्डन एलियटकडे होती. हा गॉर्डन निवृत्त पोस्टमन, क्लिफचा शाळेपासूनचा दोस्त, हाताने जड. पहिली उभी राहिली एक नवी मुलगी. गॉर्डनने असा फटका हाणला की माळ घुमला.

"आत कुणी आहे का?" रांगेतून एक ओरडला.

"घर रिकामं आहे, भाड्याने द्या!" दुसरा.

सगळे खिदळले. मुलगीही हसली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

मग क्लिफ. त्याने गालपट्ट्यांची वादी बांधली, टाचा जुळवल्या, समोर भिंतीकडे नजर लावली. बऱ्याच महिन्यांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. गॉर्डनने काठी उचलली.

टक्.

आयुष्यभर हे फटके मारलेला माणूस क्लिफ. काठी आपटल्याचा आवाज कसा असतो आणि काठी ठेवल्याचा कसा, हे त्याला सांगायला नको होतं.

"हलला नाही!" गॉर्डन घाईने ओरडला. "पास!"

आणि रांगेने टाळ्या वाजवल्या. या माळावर कधी कुणासाठी टाळ्या वाजल्या नव्हत्या. एकानेही टवाळी केली नाही. क्लिफने वळून चुलीकडे पाहिलं. मॉरीन पिठाच्या परातीत मान घालून उभी होती. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

"पुन्हा मार," क्लिफ म्हणाला.

"कशाला? झाला की पास."

"गॉर्डन, नीट मार. त्या पोरीला मारलास तसा."

गॉर्डनने काठी उचलली. ती वरच राहिली. मग त्याने ती हळूच खाली घेतली. तो पुटपुटला, "माझ्याने होणार नाही रे, क्लिफ. शिव्या घाल हवं तर."

क्लिफने शिव्या घातल्या नाहीत. रांगेत त्याच्यासाठी जागा सोडलेली होती, मधोमध, मानाची. त्याने तिकडे पाहिलं आणि रांगेच्या मागून चालत चुलीपाशी गेला. ज्याला फटका घेता येत नाही तो चुलीवर, ही रीत त्याचीच होती, आणि त्यातून त्याने कुणालाही सूट दिली नव्हती.

मॉरीनने परात पुढे सरकवली. तिचे डोळे लाल झाले होते. "मीच फोन केले," ती म्हणाली. "सगळ्यांना केले. तू नंतर बोलला नाहीस तरी चालेल मला."

"पीठ सैल झालंय," क्लिफ म्हणाला आणि बाह्या सारून गुडघ्यांवर बसला.

पलीकडे गॉर्डन ओरडायला लागला. त्याचा आवाज पुरत नव्हता. रांग वाकडी चालली होती. क्लिफने तिकडे पाहिलं नाही. निखाऱ्यांची धग तोंडावर येत होती, टोपाखालून घामाच्या धारा लागल्या होत्या.

"तो टोप तरी काढ आता," मॉरीन म्हणाली. "उकडून मरशील."

"राहू दे," तो म्हणाला. "बरोबर बसलाय."