रेंज नव्हती

बारसं असो की तेरावं, आमच्या घरी चार माणसं जमली की मला गोष्ट सांगायला बसवतात. बसवतात म्हणजे – मीच बसतो. माझ्या पोटात जेवणाशिवाय काही राहत नाही, असं बायको म्हणते. तिला वाटतं तेवढं ते खरं नाही. एक गोष्ट राहिली आहे. तिला माहीत नाही, मुलांना नाही, कुणालाच नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या पंगतीत बसत नाही म्हणून असेल.

वसंत माझा चुलतभाऊ. खाडीपलीकडच्या वाडीत राहतो. पर्यटकांना होडीतून फिरवायचा, मालवणच्या किनाऱ्यावर त्याच्याइतका गोड बोलणारा होडीवाला नव्हता. बायको वारली आणि हा दारूत गेला. होडी गेली, दात गेले, घरात उरली एक मुलगी, सायली. शेवटी तिनेच त्याला दारू सोडवायला दवाखान्यात नेलं. तिथल्या समुपदेशक बाईंनी ओळखलं की नुसती दारू नाही – याच्या मनात जीव द्यायचे विचार येतात, आणि पिऊन आला की जास्त येतात. त्यांनी त्याच्या मोबाइलमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं. रोज संध्याकाळी ते त्याला विचारायचं, आज कसं वाटतंय. आणि अगदीच सोसवेना झालं तर दाबायला एक मोठं लाल बटण. ते दाबलं की ठरवलेल्या माणसाला निरोप जायचा.

ते ठरवलेलं माणूस कोण? मीच. मीच पुढे होऊन म्हटलं, माझं नाव घाला. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, निरोप आला की हातातलं काम टाकून फोन करायचा. उपदेश नको, रागावणं नको, नुसतं बोलत राहायचं. नुसतं बोलायचं! जन्मभर दुसरं काय केलं होतं मी?

मग पुतणीचा साखरपुडा आला. आमच्याच खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, मांडव घातला होता. वसंत आला, इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून, कोरडा. दारू सुटून तेव्हा काही महिने झाले होते. मागच्या खुर्चीवर बसून सोलकढी पीत होता. जेवणं झाली, मुलाकडची माणसं सुस्तावली, आणि कुणीतरी म्हणालं, होडीची सांग रे.

होडीची गोष्ट वसंताचीच. पिऊन तो एकदा वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीत बसला आणि तासभर वल्हवत राहिला. मग घाम पुसून किनाऱ्यावरच्या कुत्र्याला विचारलं, "देवगड इला काय रे?" ही गोष्ट मी इतकी रंगवलेली आहे की आता तिच्यातलं खरं किती, मलाच सांगता येणार नाही. पण तो समोर बसलेला असताना सांगायची होती का? मला तो दिसत होता. हे मी लपवत नाही. तो दिसत होता, आणि तरी मी वल्ही मारून दाखवली. नवरदेवाचे मामा हसून खुर्चीवरून घसरले. वसंत पण हसला. मग उठला, पेला मोरीशी नेऊन विसळून ठेवला, आणि गेला.

अर्ध्या तासाने खिशात फोन थरथरला. मी दुसऱ्या गोष्टीच्या मध्यावर होतो. बघितलं – "माझं मन ठीक नाही. मला आत्ता फोन कर." खाली त्याचं नाव.

मला काय वाटलं ते सांगू? वाटलं, रुसलाय. वाटलं, आता मी उठलो तर गोष्ट पडेल. फोन खिशात टाकला आणि मामांकडे वळून म्हटलं, तर मग काय झालं –

त्या दिवशी सायली क्लासमधून लवकर घरी आली म्हणून वसंत वाचला. एवढंच सांगतो, त्यापुढचं सांगायची माझी जीभ नाही. दवाखान्यात तो डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागला. त्याने काही विचारलं नव्हतं. मीच बोललो. रेंज नव्हती रे, निरोप मिळालाच नाही मला.

आमच्याकडे ह्या वाक्याला पुरावा लागत नाही. खाटेभोवती सगळ्यांनी माना हलवल्या. आणि वसंत – नाकात नळी, ओठ फुटलेले – माझी समजूत घालत म्हणाला, "रेंज नाय तर तू काय करतलस रे."

आमच्या घरात रेंज नसते, हे खरं. खळ्यात असते. बाहेर येऊन मी तो निरोप पुसून टाकला.

पुढचं ऐकून हसायचं असेल तर हसा. गावाने टॉवरसाठी अर्ज करायचं ठरवलं, आणि विजेच्या सामानाचा दुकानदार म्हणून मलाच पुढे केलं. ग्रामसभेत मी भाषण केलं. रेंजअभावी आमचा माणूस जाता जाता राहिला, म्हणालो. टाळ्या पडल्या. टॉवर आला नाही.

बाईंनी अ‍ॅपमधलं नाव बदललं. रागाने नव्हे, रेंज नाही म्हणून. माझ्या जागी सायलीचं घातलं.

यंदा तिला कोल्हापूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. ती एवढ्यासाठीच शिकली होती. पण तिथे वर्गात आणि वॉर्डात फोन जमा करावा लागतो. आणि ती तर बापाचा निरोप चुकू नये म्हणून आंघोळीलाही फोन न्हाणीघराच्या खिडकीत ठेवते. गेल्या महिन्यात ती आमच्याकडे आली. पडवीत आम्ही दोघंच. म्हणाली, नाही जात मी, इथेच काजूच्या कारखान्यात काम बघितलंय. मी तिला समजावायला लागलो – मी, उपदेश! तिने ऐकून घेतलं. मग अगदी साधेपणाने म्हणाली, "काका, तुमच्याकडे रेंज असती तर माका जाऊक गावला असता."

जायला मिळालं असतं तिला. तेव्हा सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं मी.

"व्हय गो बाय," म्हटलं, "आमची वाडीच तशी."

ती उठली. कॉलेजला नाही म्हणून कळवते, म्हणाली, आणि फोन घेऊन खळ्यात जाऊन उभी राहिली. लगेच लागला. बोलणं दोन मिनिटांत संपलं. मग तिने एकदा हातातल्या फोनकडे बघितलं, आणि एकदा माझ्याकडे.

मी तिच्यासाठी पाणी आणायला आत गेलो.