नाताळच्या चांदण्यांतली सरकी

बावीस डिसेंबर. दुपारची भांडी आवरून मी मशीनवर बसले. कापडाच्या चांदण्या, घंटा आणि पक्षी शिवून सुलटे करून झाले होते. आता आत काहीतरी भरायचं आणि तोंडं हातानं शिवून बंद करायची, एवढंच काम राहिलं होतं.

मुलीनं उन्हाळ्यात धुळ्याच्या एका ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं. त्या दिवसापासून ह्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं. तिचा फोन आला की हे उठून दारच्या ओट्यावर जाऊन बसत. दिवाळसण झालाच नाही, कारण जावयाला बोलावणार कोण? मग मी ठरवलं, पहिला सण नाताळचा करायचा आणि तो आपणच घेऊन जायचा. त्यांच्याकडं झाड सजवतात, तर झाडाला लावायचंच काही शिवून नेऊ.

भरायला शिंप्याकडून कातरण आणणार होते. पिशवी घ्यायला उठले तर मशीनजवळ कापसाचं गाठोडं. जळगावातल्या आमच्या घरात भाव चढेपर्यंत मागच्या खोलीत कापूस भरलेला असतो आणि त्या खोलीची किल्ली ह्यांच्या खिशात असते. म्हणजे गाठोडं ह्यांनीच ठेवलं होतं. मी त्याच्याकडं बघतच राहिले. हे शिवण कुणासाठी चाललंय ते ह्यांना पक्कं ठाऊक होतं. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर गाठोडं उचलून परत नेलं असतं.

कापूस सरकीसकट, म्हणजे बियांसकट होता. मदतीला आलेली जाऊ म्हणाली, गादीला देतो तसा सरकी काढून पिंजाऱ्याकडून पिंजून आणू. मी म्हटलं, राहू दे सरकी. आत वजन असलं की चांदणी सरळ लोंबते. आणि खरंच, दोऱ्याला धरून पाहिल्या तर छान सरळ लोंबत होत्या.

चोवीसला पारोळ्यावरून धुळ्याला गेले. विहीणबाई करंज्या तळत होत्या. त्यांनी माझ्या चांदण्या हातात घेतल्या, उलटून शिलाई बघितली आणि जावयाला झाडावरची विकतची प्लास्टिकची फळं काढायला लावली. मुलीनं सगळं स्वतः टांगलं. कापूस कुठला ते मी तिला सांगितलं. ती एक पक्षी बराच वेळ हातात धरून उभी राहिली. मग झाडावर दिव्यांची माळ सोडली. जुन्या गोल दिव्यांची, तापणारी.

संध्याकाळी त्यांचे नातेवाईक आले. फराळाच्या बशा झाडाजवळच्या टेबलावर मांडल्या होत्या. पांढऱ्या टेबलक्लॉथवर मला एक गुलाबी ठिपका दिसला आणि तो चालत होता. मी वर पाहिलं. चांदणीच्या टोकाला बारीक भोक पडलं होतं आणि त्यातून दुसरी अळी अंग बाहेर काढत होती. शेजारच्या घंटेतूनही एक. गुलाबी बोंडअळी. ती सरकीत दडून बसते हे आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत असतं, मीच विसरले होते. दिव्यांची ऊब मिळाली आणि ती बाहेर निघाली. पाहुण्यांतल्या एक बाई बशी ठेवून मागे सरकल्या.

विहीणबाईंनी रुमालानं अळी उचलली. म्हणाल्या, "विहीणबाई, पाहुणे आणायचे होते तर आधी कळवायचं. फराळ वाढवला असता."

लोक हसले. माझी मुलगी हसली नाही. ती मला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि दार लावून म्हणाली, "बाबांनी मुद्दाम दिला ना हा कापूस?"

अळ्यांनी बसला नव्हता तेवढा धक्का मला त्या वाक्यानं बसला. आणि त्याहून मोठा धक्का असा की माझ्या तोंडून लगेच 'नाही' निघालं नाही. एका क्षणासाठी मलाही वाटलं, असेल. ते तिनं माझ्या चेहऱ्यावर वाचलं.

मी तिच्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि ह्यांना झालेलं सांगितलं.

"सरकी काढी नही तुमी?" हे म्हणाले.

नाही काढली, मी म्हटलं.

"मी पत्र्यावर उन्हात वाळवून, झाडून दिला होता. त्यातल्या त्यात पांढरा बघून." मग म्हणाले, "पोरले दे फोन."

मुलीनं फोन घेतला, स्पीकर बंद केला आणि माझ्याकडं पाठ केली. मी बाहेर येऊन झाडावरच्या चांदण्या काढायला लागले, कारण उभं राहून करायचं तरी काय? ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

"गरम पाण्यात टाका म्हणाले बठ्ठा कापूस, सगळाच," ती म्हणाली. "आणि उद्या येताहेत. कापूस बघायला."

"कापूस बघायला?"

"असंच म्हणाले."

सकाळी घरचे सगळे प्रार्थनेला गेले. मी ब्लेडनं टाके उसवले, कापूस काढून उकळत्या पाण्याच्या बादलीत दाबला आणि कापड झटकून उन्हात टाकलं. विहीणबाई जाताना स्वतःची एक जुनी उशी पुढ्यात टाकून गेल्या होत्या. त्यातला पिंजलेला कापूस भरून चांदण्या पुन्हा शिवल्या. आता त्या थोड्या वाकड्या लोंबत होत्या. एक चांदणी मात्र मी उसवली नाही. ती अळ्यांसकट स्टीलच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावलं आणि डबा दारापाशी ठेवला. माणूस कापूस बघायला येणार, तर त्याला दाखवायला कापूस हवा.