धारोष्ण दूध आणि पाच हजार मीटर

"तुम्ही कच्चं दूध पिता का?" डॉक्टरांनी विचारलं.

मी ताठ बसून सांगितलं, "पिते ना. शेळीचं, धारोष्ण." मला वाटलं, शाबासकी मिळेल. पुण्याच्या त्या हॉस्पिटलात आल्यापासून जो तो मला या वयात पळण्यावरून सुनावत होता. निदान खाण्यापिण्यात तरी मी चोख होते.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आणि घरच्या शेळ्या यंदा गाभडल्या का?"

माझ्या तापाचा शेळ्यांशी काय संबंध, हे मला कळेना. पण खरंच गाभडल्या होत्या. माहेरी तीन शेळ्यांनी दिवस भरायच्या आत करडं टाकली होती. त्यातली एक अडली तेव्हा मीच उघड्या हातांनी तिला सोडवलं होतं.

"मग बरोबर. तुम्हाला ब्रुसेलोसिस झाला आहे," ते म्हणाले. "रक्तात जंतू सापडला."

ब्रुसेलोसिस म्हणजे जनावरांकडून माणसाला होणारा आजार. या जंतूमुळे शेळ्या-मेंढ्या गाभडतात. माणसाला तो कच्च्या दुधातून नाहीतर वेताच्या वेळच्या रक्तापाण्यातून लागतो. माझं सगळं लहानपण शेळ्या-मेंढ्यांत गेलं आणि हे नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

मी भोरच्या डेपोत कंडक्टर आहे. माहेर गुंजवणे गावाच्या वरच्या अंगाला, धनगराच्या वस्तीवर. कॉलेजात असताना मी पाच हजार मीटर पळायचे. माझी सगळ्यात चांगली वेळ होती वीस मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. मग लग्न, दोन मुलं, नोकरी. बूट कुठं गेले ते आठवतही नाही. पण वेळ पाठ होती. घाटात गाडी बंद पडून प्रवासी चिडले, की मी मनातल्या मनात त्या शर्यतीच्या फेऱ्या पळायचे.

धाकटा जरा मोठा झाला आणि डेपोतल्या एकीने सांगितलं, की पस्तिशीच्या पुढच्यांच्याही स्पर्धा असतात. त्यांना मास्टर्स म्हणतात. त्या दिवसापासून डोक्यात एकच भुंगा शिरला. वीस अठ्ठेचाळीसच्या आत यायचं. आमचे हे मार्केट यार्डाला टेम्पो नेतात. म्हणाले, "पळ की. मला काय, भाकरी येते करता." येत नव्हती, पण म्हणाले.

आईला मात्र हे माझ्यापेक्षा जास्त चढलं. तिनं माझ्या नावाची एक शेळी वेगळीच काढली. सुट्टीला माहेरी गेले, की ती सरळ तांब्यात धार काढायची, वरचा फेसही न मोडता माझ्या हातात द्यायची आणि तांब्या रिकामा होईपर्यंत समोरून हलायची नाही. उकळायचं नाव काढलं तर भडकायची. "उकाळल्यावं त्यातली ताकद जाती. मग पानी पी की." आमच्या वस्तीवरचे पैलवानही असंच पीत आले. मे महिन्यात मुलांना घेऊन राहायला गेले, तेव्हा मुलं त्या दुधाला तोंड लावायची नाहीत, मी मात्र दोन्ही वेळा पीत होते.

जूनमध्ये ताप सुरू झाला. संध्याकाळी थंडी वाजून यायचा, रात्री घामाने अंथरूण भिजायचं आणि सकाळी मी ठणठणीत. घामाला ओल्या पेंढ्यासारखा वास यायचा. सकाळी बरं वाटतं म्हणून मी पळायला जायचे. आजारी माणसाने करू नये ते सगळं मी शिस्तीत केलं.

मग कंबर धरली. डाव्या बाजूला, माकडहाडाच्या जरा वर. बसच्या पायऱ्या चढताना दांड्याला धरून अंग वर ओढावं लागे. गावातल्या डॉक्टरांनी टायफॉइडच्या गोळ्या दिल्या. महिन्याने टीबीचा संशय आला. मग पुण्याला पाठवलं.

तिथं एमआरआय केला. त्यात एका बोगद्यासारख्या यंत्रात निजवतात आणि आतल्या हाडामांसाची चित्रं काढतात. आवाज फार, दुखत नाही. माझ्या कमरेचं हाड जिथं कण्याला मिळतं, त्या सांध्याला सूज होती. मग ब्लड कल्चर. म्हणजे रक्त बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतो का, याची वाट बघत बसायचं. हा जंतू आळशी आहे, सावकाश वाढतो. तेवढे दिवस बाकड्यावर बसून मी दुसऱ्यांच्या आजारांच्या गोष्टी ऐकल्या आणि उगाच स्वतःला लावून बघितल्या.

निदान झाल्यावर मी एकच विचारलं, "पुन्हा पळता येईल का?"

"आधी बरं व्हा. सांधा कितपत भरून येतो, त्यावर आहे," डॉक्टर म्हणाले. "आत्ता हो म्हणालो तर उद्याच पळाल तुम्ही." माणूस ओळखणारे होते.

गोळ्या तीन महिने होत्या, सुरुवातीला इंजेक्शनंही, म्हणून काही दिवस तिथंच ठेवून घेतलं. एका गोळीने लघवी नारिंगी होते. आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी भोरपर्यंत रडत आले असते.

आई हॉस्पिटलात भेटायला आली. शेळ्यांचं तिला ह्यांनी वाटेतच सांगितलं होतं. ती खाटेशेजारी बसली आणि माझे पाय दाबायला लागली. मग म्हणाली, "म्या माज्या हातानं पाजलं गं तुला." मला तिचा राग आला नव्हता. पण तसं सांगायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. मग आम्ही दोघी रडलो. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनीही आम्हाला साथ दिली.

डॉक्टर म्हणाले, शेळ्यांची धार काढणाऱ्या सगळ्यांचं रक्त तपासा. वस्तीवरच्या माझ्या भावाने लगेच दिलं. आई ऐकेना. तिचं अंग वर्षानुवर्षं दुखायचं, संध्याकाळी कणकण यायची, चढावर कमरेला हात लावून थांबावं लागायचं. "म्हातारपण हाय त्ये. त्याला कशाला सुई?" सगळ्यांनी सांगून झालं. शेवटी मी म्हटलं, "तू रक्त देत नाहीस तोवर मी गोळी घेणार नाही." आणि खरंच सकाळची गोळी हातात धरून बसले. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात लहान संप, पण लगेच यशस्वी झाला.

भावाच्या रक्तात काही नव्हतं. आईच्या रक्तात तोच आजार निघाला. किती जुना, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी शेळ्याही तपासल्या. ज्यांच्यात दोष होता त्या काढून टाकाव्या लागल्या, माझ्या नावाची त्यांत पहिली. आई दोन दिवस नीट जेवली नाही. पण गोळ्या मात्र तिनं चुकवल्या नाहीत. रोज सकाळी फोन करून विचारायची, "घेतलीस का? म्या घेतली."

ताप गेला. सांध्याची सूज उतरायला दिवाळी उलटली. आधी चालणं, तेही भाटघरच्या रस्त्याला सपाटीवर. मग थोडं पळणं, थोडं चालणं. डॉक्टरांची अट होती, की एक दिवस पळाल तर दुसऱ्या दिवशी विश्रांती. कॉलेजात मी रोज जीव तोडून पळायचे आणि शर्यतीच्या दिवशी दमलेली असायचे. तेव्हा मला कुणी थांबायला सांगितलंच नव्हतं. आता थांबायला लागले, वेळेवर जेवायला, झोपायला लागले आणि पाय आपसूक हलके झाले. याचं सगळ्यात जास्त नवल मला वाटलं.

पुढच्या वर्षी पुण्यात स्पर्धा होती. साडेबारा फेऱ्या. आठव्या फेरीला कंबर बोलेल, अशी भीती होती. मी तिचाच कानोसा घेत पळत होते, त्यामुळे घड्याळाकडे लक्ष गेलं नाही. कंबर गप्प राहिली. शेवटच्या फेरीला हे कठड्यावरून ओरडत होते, पण काय ते समजलं नाही. वीस मिनिटं सदतीस सेकंद. मी गवतावर आडवी झाले आणि आभाळाकडे बघत हसत सुटले. ह्यांनी हिशेब केला, "अकरातले सात सेकंद नव्या बुटांचे. चार तुझे." मी म्हटलं, चार तर चार.

हे वाचणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. दूध उकळूनच प्या, ताकद जात नाही. शेळीला सोडवताना हातमोजे घाला. संध्याकाळचा ताप हटत नसेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता घरच्या जनावरांचं सांगा. आणि घरात कुणी वर्षानुवर्षं कण्हत असेल, तर ते म्हातारपणच आहे असं धरून चालू नका.

स्पर्धेनंतरच्या सुट्टीला वस्तीवर गेले. आईला वेळ सांगितली. "अकरा शेकंद म्हंजे किती गं?" तिनं विचारलं. मी चुटक्या वाजवून दाखवल्या. तिला ते फारच थोडं वाटलं, पण माझं मन राखायला म्हणाली, "लई हाय की."

मग ती शेळ्या घेऊन वरच्या माळाला निघाली. मी सोबत गेले. चढ उभा, माझे पाय अजून शर्यतीने जड. थोड्या वेळाने बघते तर आई बरीच पुढं. हात मोकळे, पाठ सरळ. अशी चाल तिची मी कधीच पाहिली नव्हती. मी लहान असतानासुद्धा नाही.

वर पोचून ती वळली. मी धापा टाकत येत होते.

"बस जरा," ती म्हणाली. "म्या थांबते."