सपाट यार्डातले तीन डबे

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या शेतात भूत आलं असतं तर मी आधी त्याला कापूस वेचायला लावलं असतं, मग नाव विचारलं असतं. तरी खालची गोष्ट घडली तशी लिहितो... थोडं मीठ माझं असेल, तेवढं झटकून घ्या.

कापसाची ती वाईट वर्षं. बोरी अरबजवळच्या ज्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीत, मी इलेक्ट्रिशियन होतो ती बंद पडलेली, म्हणजे मी दिवसभर रिकामा. घरी जुना कॉम्प्युटर होता — तो चालू झाला की अर्ध्या गावाचे पंखे मंद होत. त्यावर ट्रेन सिम्युलेटर, आगगाडी चालवायचा खेळ. तयार नकाशांवर गाड्या हाकून कंटाळलो, तसा स्वतःच बांधायला लागलो. जन्मात समुद्र पाहिला नव्हता, तरी क्रेनसकट अख्खं बंदर उभं केलं. मग ठरवलं, आता काहीतरी खरंखुरं. जिनिंगला लागून नॅरोगेजची, म्हणजे अरुंद रुळांची, जुनी साइडिंग होती, कापसाच्या गाठी डब्यांत भरायची बाजूची लाइन; तीच खेळात बांधायची. रूळ बाभळीत बुडालेले, पण मी दोरी लावून रुळांखालचा एकेक स्लीपर मोजला. उतार तेवढा मोजला नाही. जागा डोळ्याला सपाट, म्हणून खेळाच्या नकाशात सगळीकडे शून्य टाकला.

पहिल्याच दिवशी पडद्यावर तीन मालडबे उभे केले, इंजिन सोडवलं... आणि डबे आपोआप चालायला लागले. जिनिंगच्या फाटकाकडे. अख्खं यार्ड दोनदा नव्यानं बांधलं. डबे पळालेच, दरवेळी त्याच जागेवरून.

गंमत म्हणून रहीमचाचांना बोलावलं. चाचा त्याच साइडिंगवर पॉइंट्समन होते, गाडीसाठी रूळ बदलून देणारे. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या ड्युटीत तीन डबे पळाले, फाटक मोडलं. रेल्वेच्या साहेबांनी चौकशीत लिहिलं — यार्ड सपाट आहे, कोणी धक्का दिल्याशिवाय डबे हलणार नाहीत. चाचांची बढती गेली आणि गावात नाव पडलं, धक्कामास्टर. मीही तीच हाक मारत मोठा झालो.

"या धक्कामास्टर, तुमचे डबे पाहा."

चाचांनी एकदा पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "आत्ता म्या धक्का देला का?"

"नाही ना, चाचा."

"मंग काहून पळून राह्यले? उतार हाये तिथं. तीस वर्सं सांगून राह्यलो, कोनी मोजाले तयार नाही. तू तरी मोजलं का, इंजिनेर?"



दुसऱ्या दिवशी सकाळी उतार मोजायला गवंड्याला त्याच्या पाणी भरलेल्या नळीसकट साइडिंगवर आणलं. नळीचं एक टोक चाचांनी धरलं, दुसरं मी. जवळच्या चहाच्या टपरीवरची माणसं तमाशा पाहायला जमली. फाटकाकडचा रूळ चांगला वीतभर खाली भरला. गवंड्यानं स्वतः दोनदा मोजला. मग टपरीवाला म्हणाला, "रहीमचाचा, चहा घ्या."

घरी येऊन कॉम्प्युटरवर खरा उतार टाकला. डबे उभे केले, इंजिन सोडवलं. आता तर सुसाट सुटणार म्हणून दोघं डोळे लावून बसलो. पाऊण तास झाला... हलले नाहीत.

"बिघडलं वाटते," मी म्हणालो.

"काही नाही बिघडलं," चाचा उठत म्हणाले. "आता मोजलं ना सगळ्यायनं. कायले पळतीन ते?"

यवतमाळचा कॉम्प्युटरवाला म्हणतो, प्रोग्राममधला घोळ. असेल. पण त्या घोळाला आमच्या यार्डाचा उतार कसा कळला, हे त्यालाही सांगता येत नाही. मलाही नाही.

डबे अजून तिथंच उभे आहेत. मी ब्रेक लावलेला नाही.