कंडक्टर सरांचा हात

आधी हात यायचा, मग सर. चर्चच्या मागच्या खोलीत आमच्या क्वायरची तालीम चालायची. सर दाराशी पोचायच्या आत त्यांचा उजवा हात चौकटीतून आत शिरायचा. बोटं जरा पसरलेली, तळवा खाली. तेवढ्याने आमची बडबड जागच्या जागी थांबायची. मग मागाहून उरलेले सर आत यायचे. बुटके, पोट थोडं सुटलेलं, खिशाला शाईचा कायमचा डाग. त्यांच्या बाकीच्या देहाकडे कुणाचं फारसं लक्ष जात नसे. त्यांचं स्वतःचंही नसावं.

त्या हाताशिवाय त्यांना काही करताच यायचं नाही. पाळकसाहेब प्रार्थना लांबवायला लागले की पहिल्या बाकावर सरांची बोटं गुडघ्यावर, गाणं थांबवायची खूण केल्यासारखी, हळूहळू मिटायला लागायची, आणि आम्ही मागे हसू दाबायचो. घरी कुकरची तिसरी शिट्टी व्हायची असली की त्यांचं बोट आपोआप वर जायचं. सुमनताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "ह्यांनी खूण केल्याशिवाय आमचा कुकरसुद्धा वाजत नाही."

मी क्वायरमध्ये आले तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. सरांनी माझं नाव विचारलं, आणि नंतर कधी घेतलं नाही. मी त्यांची "सिस्टर" झाले ती कायमची. "सिस्टर, इंजेक्शन द्यायला आल्यासारखा चेहरा करू नका, गाणं आहे हे." त्यांचा नियम एकच होता, "कागद खाली, डोळे वर." गाण्याचा कागद पोटाशी धरायचा आणि नजर त्यांच्या हातावर ठेवायची. चुकीचा सूर लागला तर ते माफ करत. कागदात डोकं घातलेलं दिसलं की मात्र गाणंच थांबवत. "कागद कुठं पळून चाललाय का? पळालंच कुणी तर मी पळेन. माझ्याकडे बघा."

सर शाळेत संगीत शिकवायचे. तरुणपणी पुण्याला राहून पियानो आणि इंग्रजी पद्धतीचं स्वरलेखन शिकून आले होते. चार आवाजांत बसवलेली गाणी तेव्हा आमच्याकडे इंग्रजीतूनच यायची, आणि मराठी शब्द त्या चालींत लहान बहिणीच्या झग्यासारखे अंगाला घट्ट बसायचे. सरांना ते सोसेना. त्यांनी मराठीच्याच अंगाने चाली रचायला सुरुवात केली आणि आयुष्यभर रचत राहिले. मोठा ऑर्केस्ट्रा त्यांनी प्रत्यक्ष एकदाच पाहिला, तोही मुंबईत, सगळ्यांत मागच्या रांगेतून. कसा होता म्हणून आम्ही विचारलं तर तोंड वाकडं करून म्हणाले, "कंडक्टरची पाठच दिसली सारा वेळ. हात काही दिसला नाही."

कंडक्टर, म्हणजे हाताच्या खुणांनी गाणं चालवणारा; पण या शब्दाने त्यांचा आयुष्यभर छळ केला. त्यांची आई घोडेगावची. तिला कुणीतरी विचारलं, "पोरगं काय करतंय नगरला?" ती अभिमानाने म्हणाली, "कंडक्टर हाय." लगेच पुढचा प्रश्न आला, "कोन्च्या डेपूला?" आता हिला काय सांगावं! ती "शेवगाव" म्हणून मोकळी झाली. झालं, तेव्हापासून गावचं कुणीही नगरला आलं की सरांच्या दारात. "मास्तर, शेवगाव गाडीला तेवढी जागा धरून द्या की. तुमच्या वळखीचे असतील समदे." आईला खोटं पाडायचं नाही म्हणून सर मुकाट्याने माळीवाड्याच्या स्टँडवर जायचे आणि खिडकीतून रुमाल टाकून जागा धरून द्यायचे. हे आम्हाला कळल्यावर कुणी घाईने सूर उचलला की सरच म्हणायचे, "एवढी घाई कशाची? शेवगाव गाडी सुटतीये का?"

त्यांचं सगळ्यांत मोठं काम म्हणजे गोठ्यातलं गाणं. नाताळचं. येशू गोठ्यात जन्मला तर तिथे जनावरं ऐकू आली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी ते सगळ्या क्वायरला टेम्पोत घालून घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात घेऊन गेले. आम्ही बायका नाकाला पदर लावून उभ्या, आणि सर एका म्हशीपाशी डोळे मिटून. व्यापारी जवळ आला. "घ्यायची का पाव्हणं?"

"घ्यायची नाही, ऐकायचीय," सर म्हणाले.

त्याने सरांना खालून वर न्याहाळलं. "आइका की मंग. आइकायला पैसं न्हाई पडत."

त्या बाजारातून ते गाणं झालं. पुरुषांच्या खालच्या आवाजांत बैलांची जड पावलं, आम्हा बायकांच्या आवाजांत घुंगरांची लगबग. गलका वाढत वाढत जायचा, आणि एकदम सरांचा हात वर जाऊन थांबायचा. सगळं चर्च चिडीचूप. त्या शांततेनंतर सगळ्यांनी मिळून, अगदी हळू, एकच शब्द म्हणायचा. "नीज." तिथे गाणं संपायचं. कागदावर त्या शांततेच्या जागी नुसती एक खूण होती. किती थांबायचं ते दरवर्षी वेगळं असायचं आणि ते फक्त सरांच्या हाताला ठाऊक असायचं. हात दगडासारखा स्थिर असायचा, आम्ही श्वास भरून त्याच्याकडे बघत असायचो, आणि तो अलगद खाली आला की वीसपंचवीस तोंडांतून एकच शब्द निघायचा. माझ्या अंगावर दरवर्षी काटा यायचा. आत्ता लिहितानाही आला.

मग काही वर्षांपूर्वी तो शब्द फुटायला लागला. कुणी आधी, कुणी नंतर. सर चिडले, शेवगाव गाडी काढून झाली, तरी जमेना. चहाच्या सुट्टीत त्यांचा हात पियानोच्या झाकणावर विसावला होता. अंगठा आणि बोट एकमेकांवर हळूहळू घासत होती, तंबाखू मळल्यासारखी. सरांना सुपारीचंही व्यसन नव्हतं. मी वॉर्डात असे हात रोज बघते. माझा चहा तिथेच गार झाला.

कंपवात. पुण्याच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या, त्यांनी काही तास बरं वाटायचं. सुमनताई तालमीच्या वेळेवर गोळी द्यायच्या. पण या दुखण्याचा खोडसाळपणा असा की हात ताल देत हलत असेपर्यंत सगळं ठीक असायचं. हवेत एका जागी धरला की जरा वेळाने कापायला लागायचा. म्हणजे नेमका त्या शांततेत. दुसरं कुठलंही गाणं या दुखण्याने सोडलं असतं, हे नाही. आणि सरांनीच आम्हाला हाताबरहुकूम गायला शिकवलेलं. हात थरथरला की प्रत्येकाला त्यात आपापली खूण दिसायची.

एका तालमीत ते सरांना स्वतःलाच दिसलं. हात वर होता आणि थरथरत होता. त्यांनी डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं. मग दोन्ही हात कापायला लागले. आम्ही सगळ्यांनी एकदम कागदात डोळे घातले.

"डोळे वर," सर म्हणाले. पण हळूच.

त्या रविवारी शांतवन माझ्याकडे आला. त्याचं सावेडीला टायरचं दुकान आहे आणि तो आमच्यात सगळ्यांत खाली गातो. म्हणाला, "सिस्टर, मला तर बघवत न्हाई. पन नाताळला सरांचं हसं न्हाई व्हायला पायजे. तुमी मधी उभ्या असता. तुमी खांदा उचला, आमी तुमच्याकडं बघून शब्द उचलतो." मी डॉक्टरांना विचारून पाहिलं, गोळी वाढवता येईल का म्हणून. ते म्हणाले, आता आपल्या हातात फारसं काही नाही. मी शांतवनला हो म्हटलं. सरांना "तुम्ही हे गाणं घेऊ नका" असं सांगण्याची छाती आमच्यापैकी कुणाचीच नव्हती.

नाताळच्या सकाळी चर्च भरलं होतं. बैल चालले, घुंगरं वाजली, गलका वाढला. सरांचा हात वर गेला. थांबला, आणि मग कापायला लागला. मी मनात अंदाज केला आणि खांदा उचलला. "नीज." एकच शब्द, इतका एकत्र की कित्येक वर्षांत तसा आला नव्हता. सरांचा हात अजून वरच होता. तो नंतर खाली आला, सावकाश, आणि कोटाच्या खिशात गेला.

बाहेर मांडवात लोक केक खात होते, सरांशी हात मिळवायला येत होते. सर डावा हात पुढे करत होते. मी जवळ गेले.

"छान झालं सिस्टर," सर म्हणाले. "सगळे बरोबर एकत्र आले. मीच तेवढा उशिरा आलो."

त्यानंतर ते तालमीला आले नाहीत. आम्ही बोलवायला गेलो तेव्हा त्यांनी चहा पाजला आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. आता क्वायरमध्ये कीबोर्ड आलाय, मुलं ट्रॅक लावून गातात, आणि वाईट गात नाहीत. गोठ्यातलं गाणं मात्र बंद पडलं. कागद सगळ्यांकडे आहेत. त्या खुणेपाशी आलं की मी किती थांबायचं ते ठरवायला जाते, आणि प्रत्येक वेळी ते चुकतं. चुकलंय एवढं सगळ्यांना कळतं. बरोबर किती ते कुणालाच सांगता येत नाही.

सर आता अंथरुणावरच असतात. आवाजही अगदी बारीक झालाय, कान तोंडाशी न्यावा लागतो. रविवारी दुपारी मी जाऊन बसते, तेवढ्यात सुमनताई भाजी आणून घेतात. मागच्या रविवारी मी त्यांची दवाखान्याची फाइल चाळत होते. ते काहीतरी बोलले. मी वाकले.

"कागद खाली," सर म्हणत होते.

मी फाइल खाली ठेवली आणि त्यांच्याकडे बघितलं. ते हसले असावेत. चेहराही आता फारसा हलत नाही, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. पांघरुणावर हात आपला चालूच होता. थोड्या वेळाने त्यांचे डोळे मिटले.

झोप लागली की हा कंप थांबतो. हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे आणि वॉर्डात शंभरदा पाहिलेलं आहे. तरी सरांचा हात सावकाश थांबला तेव्हा मी दचकले. बोटं जरा पसरलेली, तळवा खाली. सवयीने माझी पाठ ताठ झाली आणि मी श्वास भरून घेतला. शब्द ओठांवर आला होता. पण मी गायले असते तर सर जागे झाले असते, आणि हात पुन्हा सुरू झाला असता. म्हणून मी गप्पच बसले, त्या हातावरून डोळे न काढता.