सरकार वाटेत आहेत

निपाणीच्या धनपालआप्पांना महाराजांचं वेड होतं. संस्थान कधीच गेलेलं, महाराज गोव्यात हॉटेल चालवत होते. पण फेसबुकवर त्यांचं पान होतं आणि त्या पानावर त्यांचं राज्य अजून जोरात चाललं होतं. फेट्यातला फोटो, घोड्यावरचा फोटो, खाली 'आपण आमचे कुटुंब आहात'. आप्पा भांड्यांच्या दुकानाचं शटर उघडायच्या आधी तिथं 'मुजरा सरकार!' लिहायचे, मगच चहा.

एक दिवस चक्क उत्तर आलं. 'धनपालजी, आपल्यासारखी माणसं हीच आमची दौलत.' मग काय विचारता! आप्पांनी ते गिऱ्हाइकांना दाखवलं, जैन बस्तीत दर्शनाला आलेल्यांना दाखवलं, दाढी करताना न्हाव्याला वाचून दाखवलं.

त्यांचा मुलगा कुमार बेळगावला कॅम्पात एका कंपनीत होता आणि रविवारी घरी यायचा. कंपनीत काय काम असतं हे आप्पांनी कधी विचारलं नाही. तो सांगायला लागला की ते चारचौघांत म्हणायचे, "दिवसभर मोबाईलात बोटं घालून बसतोस, ह्याला काम म्हणत्यात व्हय रं? सरकारांकडं बघ. एवढा मोठा माणूस, पर आमच्यासारख्याला उत्तर देतोय." गिऱ्हाइकं हसायची. कुमार खाली मान घालून पातेल्यांवरची धूळ पुसायचा.

आप्पांनी हे महाराजांनाही लिहिलं, तेही सगळ्यांना दिसेल असं. 'पोरगा बिनकामाचा निघाला सरकार, आशीर्वाद असू द्या.' उत्तर आलं, 'मुलाजवळ बसून दोन शब्द बोला धनपालजी. तोही वाट बघत असेल.' आप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी कुमारला हाक मारून ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाले, "बघ, तुझ्यासारख्या दगडासाठी सरकारांनी येळ काढला!" दोन शब्द बोलायचं मात्र राहून गेलं.

मग मुलीचं, क्षमाचं लग्न निघालं. आप्पांनी महाराजांच्या पानावर आमंत्रण धाडलं. उत्तर आलं, 'नक्की येऊ. आपल्या घरचंच कार्य.' बस्स! पत्रिकेवर महाराजांचं नाव सोनेरी अक्षरांत आलं. चिकोडीचे व्याही आधी आढेवेढे घेत होते, ते नाव बघून एकदम मऊ झाले. स्टेजसमोर लाल मखमलीची खुर्ची मांडली गेली. तिच्यावर कुणाचं पोर चढलं तरी आप्पा धावून जायचे.

लग्नाच्या दिवशी खुर्ची रिकामीच राहिली. मुहूर्त जवळ आला, उपाध्ये घाई करू लागले. व्याही उठून उभे राहिले.

"काय आप्पा, तुमचं सरकार मोबाईलातच ऱ्हातंय व्हय?"

मांडव हसला. व्याही हसले नाहीत. "चिकोडीची सगळी मोठी माणसं आणलीया मी त्यांच्यासाठी. ते आल्याबिगर माझं पोरगं हार घालणार न्हाय. फसवलं असंल तर आत्ताच सांगा, आम्ही चाललो." क्षमा हार घेऊन उभीच होती. तिचे हात भरून आले होते.

आप्पा आचाऱ्यांच्या बाजूला पळाले. त्यांनी घाईघाईनं लिहिलं, 'सरकार, कुठवर आलात? माझी लाज राखा.'

बुंदीच्या पातेल्याजवळ कुमार उभा होता. त्याच्या खिशात फोन वाजला. त्यानं तो काढला, वाचला, अंगठा चालवला. आप्पांचा फोन वाजला.

'वाटेत आहोत.'

आप्पांनी फोनकडे पाहिलं, मग पोराच्या अंगठ्याकडे.

"तू?"

"कॅम्पात हेच काम हाय माझं. सकाळी एका सरकारी खात्याचं पान, दुपारनं महाराजांचं. लोकास्नी जवळचं वाटंल असं लिवायचं. महाराजांनी तुमचं नाव बी ऐकल्यालं न्हाय."

"मग येतो म्हणून का लिवलंस रं?"

"पोराशी दोन शब्द बोला, असं बी लिवलं हुतं. ते ऐकलासा?"

पोटच्या पोरापुढे आप्पांनी हात जोडले. "बाळा, एक ओळ लिव. सरकार आजारी पडल्यात म्हण. निदान क्षमाकडं बघ. तुझी भण हाय रं ती."

बाळा. कुमारनं हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. क्षणभर त्याचा अंगठा फोनवर थांबला. मग त्यानं फोन खिशात घातला.

"तसं कसं लिवणार आप्पा? सरकारास्नी इचारावं लागंल."

बाहेरून व्याह्यांनी हाक मारली. आप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं, मांडवात आले आणि छाती पुढे काढून म्हणाले, "सरकार वाटेत हायती!"

क्षमानं ते ऐकलं, बापाकडे बघून हसली आणि हार पुन्हा नीट धरला.