माहेरी जन्मलेल्या नातीचं कार्ड

मी अंगणवाडीत मदतनीस होते. शिक्षण चौथीपर्यंत. वॉर्डात लहान मुलांची ओळखपत्रं काढायचं ठरलं, तेव्हा हुडको वसाहतीतल्या घराघरांतून पोरं गोळा करून आणायचं काम माझ्याकडे आलं. नाक पुसायचं, केस विंचरायचे, कॅमेऱ्यासमोर बसवायचं. कार्ड दाखवलं की पहिलीत नाव घालता येणार होतं. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांची कार्डं निघाली. माझ्या नातीचं निघालं नाही.

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी. इथे एवढा मोठा दवाखाना असताना सुनेला पावर हाउस स्टेशनहून गाडीत बसवलं आणि दुसऱ्या राज्यात, गोंदियाकडच्या तिच्या खेड्यात पाठवलं. सगळेच पाठवतात. पोरगी घरीच झाली, सुईणीच्या हातून. बारसं झालं, नाव ठेवलं. जन्माची नोंद करायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

कार्डाचा साहेब म्हणाला, "माताजी, जहाँ पैदा हुई, वहीं का कागज लगेगा."

सून आणि मी तिच्या माहेरी गेलो. विहीण आम्हाला घेऊन ग्रामपंचायतीत आली. तिथला बाबू म्हणाला, "सुईनीले आना, सही कराले."

"ते त मेली," विहीण म्हणाली.

"मंग डाक्टरचा कागद आना."

"डाक्टर पायला कोनं?"

"मंग मी का करू, बाई?"

बाहेर आल्यावर विहीण मला म्हणाली, "पोरगी तुमची, अन् कागद आमच्या गावात ढुंढून राहिले."

"बाळंतपनाले पाठवा म्हनून निरोप कोनाचा होता, व्हीनबाई?"

ती पुढे चालू लागली. सून दोघींच्या मागून चालत होती.

परत आल्यावर साहेबाने जन्माच्या नोंदीचा हुकूम घ्यायला कोर्टात जायला सांगितलं. वकील म्हणाला, कोर्ट तिकडचंच लागेल, पोरीच्या बापाला यावं लागेल, एकदा येऊन भागणार नाही. माझा मुलगा स्टील प्लांटमध्ये ठेक्यावर आहे. तो दोन दिवस दिसला नाही तर ठेकेदार दुसरा माणूस उभा करतो. तो गेला नाही. मी त्याला जा म्हटलंही नाही.

कार्डं वाटायचं कामही माझंच होतं. नात इतर पोरांबरोबर रांगेत उभी राहिली.

"आजी, माहं?"

"तुहं नाही आलं."

"कावून?"

"तू मामाच्या गावाले जलमली."

"मंग मी तिथची हाव का?"

"तेबी नाही म्हनते. सरक, मागच्याले येऊ दे."

ती अजून अंगणवाडीतच जाते, तिच्याहून लहान पोरांत बसते. बाई ओळखीच्या आहेत म्हणून चालतं. त्यांची बदली झाली की तेही बंद होईल.